गच्चीवरचा पांढरा थर कोणाच्या खर्चाने?

उन्हाची चाहूल लागली की शहरातल्या गच्च्यांवर पांढऱ्या रंगाचे डबे चढू लागतात. बहुतेक ठिकाणी वरच्या मजल्यावरचा रहिवासी पदरचे पैसे घालून आपल्या घरावरचा तेवढा भाग रंगवून घेतो आणि बाकीची इमारत ती त्याची खासगी सोय समजते. मला ही समजूत साफ चुकीची वाटते. ऊन परतवणारा थर ही जुन्या छताची देखभाल आहे, आणि तिचा खर्च सगळ्या सोसायटीने उचलायला हवा.

मे महिन्यात भर दुपारी छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. काळवंडलेला जुना कोबा त्यातला दोन तृतीयांशाहून अधिक भाग शोषतो, तर चांगल्या प्रतीचा नवा पांढरा थर जेमतेम पाचवा हिस्सा. त्यामुळे खालची खोली साधारण २ ते ५ अंशांनी थंड राहते, हा फायदा सर्वांना ठाऊक असतो. स्लॅबचे काय होते याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. काँक्रीट तापले की पसरते. १० मीटर लांबीचा स्लॅब पहाटेपेक्षा दुपारी ३० अंशांनी अधिक तापला, तर तो जवळपास ३ मिलिमीटर वाढू पाहतो आणि रात्री पुन्हा आकसतो. खालच्या भिंती तेवढ्या तापत नसल्याने ही ओढाताण रोज चालते, आणि कठडा जिथे स्लॅबला मिळतो त्या कोपऱ्यात केसाएवढ्या भेगा पडतात. जूनमध्ये पाणी तिथूनच शिरते, सळ्या गंजून फुगतात आणि खाली छताचे पोपडे सुटतात. मुळात ऊनच कमी शोषले गेले, तर हे चक्र मंदावते. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये गच्चीच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चात धरलेली आहे. मग तीच गळती लांबवणारा थर एकट्या वरच्या मजल्याच्या माथी का?

थर लवकर मळतो, हा आक्षेप खरा आहे. धूळ, काजळी आणि शेवाळ धरले की त्याची परतवण्याची ताकद लक्षणीय घटते. पण दरवर्षी होळीच्या आधी गच्ची घासून धुतली, तर त्यातली बरीचशी परत मिळते. हिवाळ्यात घर गारठेल ही भीती आपल्याकडे फारशी लागू नाही. विदर्भात पारा ४५ अंशांपलीकडे जातो त्या दिवसांपुढे थंडीचे चार आठवडे काहीच नाहीत. स्वस्तातला चुना काय वाईट, असेही विचारले जाते. भाड्याच्या घरात एका उन्हाळ्यापुरता तो उत्तमच, पण पावसात धुऊन जातो आणि भेगांवर ताणला जाणारा पापुद्रा त्याने तयार होत नाही. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले, ते हा खर्च सार्वजनिक हिताचा मानूनच.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे: रंग मारूनही गळते. गळणारच, कारण थर दुरुस्ती करत नाही. सळ्या उघड्या पडल्या असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे लागते. स्लॅबमध्ये ओल असताना थर दिला, तर उन्हात ती वाफ होऊन त्याला फोड आणते. ओल तपासायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर गच्चीवर ठेवावा. सकाळी खालून दवासारखे थेंब दिसले, तर काम पुढे ढकलावे.

पत्र्याच्या घरांचा प्रश्न याहून निकडीचा आहे, कारण तिथे पत्रा आणि डोके यांच्यामध्ये दुसरे काही नसते. चकचकीत पत्रा ऊन परतवत असला, तरी शोषलेली उष्णता सहज बाहेर टाकत नाही, म्हणून त्यालाही रंगाचा उपयोग होतो. फक्त गंज खरवडून प्रायमर द्यावा आणि स्क्रूंचे कुजलेले वॉशर आधी बदलावेत. जुन्या सिमेंटच्या पत्र्याला मात्र तारेचा ब्रश कधीही लावू नये. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि घासल्यावर उडणारे तंतू फुफ्फुसात कायमचे राहतात. तो पत्रा ओला ठेवून, मऊ झाडूने, हलक्या हाताने धुवावा. तडकलेला असेल तर त्यावर चढूही नये.