ऊसदराचा कायदा : केंद्राचा शब्द कुठे, राज्याचा कुठे?



ऊस काट्यावर गेला की घरात पहिला प्रश्न निघतो, 'बिल कधी, आणि किती?' याचे उत्तर कारखान्याच्या ऑफिसात ठरते, असा पुष्कळांचा समज आहे. खरे पाहता किमान दर आणि पैशाची मुदत कायद्याने बांधलेली आहे, आणि तो कायदा केंद्राचा आहे. राज्य सरकारला त्यात कितपत हात घालता येतो, याविषयी अलीकडे दोन महत्त्वाचे निकाल झाले. एक उत्तर प्रदेशातील, दुसरा आपल्याकडील. सभासदांनी दोन्ही समजून घ्यावेत.

मूळ आदेश

केंद्राचा ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ सालचा. २००९ मध्ये त्यात जुन्या किमान दराऐवजी रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफ.आर.पी., आला. आदेशातील कलम ३ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. मात्र दोघांत वेगळा लेखी करार असेल तर १४ दिवसांची अट त्या करारानुसार बदलू शकते. हे शेवटचे वाक्य नीट ध्यानात ठेवावे.

उत्तर प्रदेशचा निकाल

तिकडे राज्य सरकार १९५३ च्या आपल्या कायद्याखाली स्वतःचा ऊसदर जाहीर करते. तो केंद्राच्या दरापेक्षा जास्त असतो. खाजगी साखर कारखानदारांचे म्हणणे, केंद्राने दर ठरवल्यावर राज्याला अधिकारच उरत नाही. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २२ एप्रिल २०२० रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निर्णय दिला : दर ठरविण्याचा अधिकार केंद्र आणि राज्य दोघांनाही आहे, केंद्राच्या किमान दरापेक्षा कमी दर राज्याला ठरवता येणार नाही, जास्त ठरवता येईल.

आपल्याकडचा निकाल

महाराष्ट्र सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ रोजी शासन निर्णय काढून एफ.आर.पी. दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. पहिली उचल पुणे व नाशिक विभागात १० टक्के उतारा धरून, इतर विभागांत ९.५ टक्के धरून. उरलेली रक्कम हंगाम संपून प्रत्यक्ष उतारा निघाल्यावर. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च २०२५ रोजी हा शासन निर्णय रद्द केला. केंद्राच्या आदेशाने दिलेला हक्क राज्याला आपल्या कागदाने कमी करता येत नाही, हे त्यातून ठरले.

दोन्हींचा अर्थ एकच निघतो. राज्याला शेतकऱ्याला जास्त देता येते, कमी किंवा उशिरा देता येत नाही. आपल्या राज्याच्या २०१३ च्या ऊसदर कायद्यातही तेच आहे. साखर व प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाला, पण तो एफ.आर.पी.पेक्षा कमी भरला तरी एफ.आर.पी. द्यावीच लागते.

हिशेब करून पाहू

२०२५-२६ हंगामासाठी एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होती. वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ, खाली तितकीच घट, ९.५ टक्के किंवा कमी उतारा असेल तर ३२९.०५ रुपये. समजा उतारा १२ टक्के आहे. दर होतो टनाला ४,१५५ रुपये ५० पैसे. त्याच उसाला १० टक्के धरून उचल दिली तर ३,४६३ रुपये ५० पैसे. टनामागे ६९२ रुपये मागे राहिले. शंभर टन ऊस घातलेल्या सभासदाचे झाले ६९,२०० रुपये. सहा महिने अडकले तर १५ टक्क्यांनी त्याचे व्याजच ५,१९० रुपये होते. सोसायटीचे कर्ज, खतांची उधारी त्याच काळात दारात उभी असते. (तोडणी-वाहतूक या दरातून वजा होते, हे धरून चालावे.)

कारखान्याची बाजू

साखर वर्षभर विकली जाते, उसाचे पैसे मात्र हंगामातच लागतात. मधली रक्कम बँकेकडून मालतारणावर उचलावी लागते, आणि त्या व्याजाचा भार शेवटी संस्थेवर येतो. संस्था आपलीच आहे. आपण ऊस विकणारेही आहोत आणि मालकही. म्हणून हप्त्याचा विषय सभेत हिशेब पुढे ठेवून, सभासदांच्या संमतीने ठरावा. न विचारता ठरू नये.

सभासदांनी काय करावे

१. ऊस नोंदीच्या वेळी करारावर सही करण्यापूर्वी पैशाच्या मुदतीचे कलम वाचावे. वाचता येत नसेल तर घरातल्या पोराबाळांकडून वाचून घ्यावे. सही केलेली प्रत मागून घ्यावी.
२. काट्याच्या पावत्या तारखेनिशी जपून ठेवाव्यात. १४ दिवस त्यावरूनच मोजतात.
३. बिलात कोणता उतारा धरला आणि तोडणी-वाहतूक किती कापली, हे पाहावे.
४. सीमेवरचे ज्यांचा ऊस कर्नाटकात जातो, त्यांनाही केंद्राचा हाच आदेश लागू आहे.

कोर्टाने हक्क सांगितला आहे. तो लेखी करारात आपल्याच सहीने सोडून देऊ नये, एवढी काळजी प्रत्येक सभासदाने घ्यावी.