कुमारांचे टेनिस सामने व होतकरू खेळाडूस साहाय्य

हुतूतूस दम हवा, खोखोस चपळ पाय हवेत, आणि दोहोंस मिळून एक मोकळे पटांगण पुरते. कुस्तीस मातीचा हौदा व जाणता वस्ताद लाभला म्हणजे खेड्यातले पोरही तयार होऊ शकते. टेनिसची गोष्ट निराळी आहे. आखलेले कोर्ट, ताणलेले जाळे, रॅकेट, चेंडू आणि शिकविणारा इतकी सामग्री या खेळास आरंभीच लागते. आणि ती कशीबशी जुळून मूल जरा बरे खेळू लागले, म्हणजे खर्च संपत नाही, तर खरा खर्च तेथून पुढे सुरू होतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात हा खेळ अद्याप फार थोड्या मुलांच्या वाट्यास येतो. तथापि ज्या घरी एखादे मूल या खेळाचा ध्यास घेते, त्या घरी आईबापांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: मुलात गुण आहे असे सर्व म्हणतात, परंतु पुढे जावयाचे कसे, आणि त्याचा भार कोणी उचलावयाचा? या प्रश्नाचा थोडा विचार पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे करावयाचा आहे.

प्रथम सामन्यांची रचना ध्यानी घेतली पाहिजे. आपल्या शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात, आणि जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. या स्पर्धांवाचून निराळी अशी दुसरी शिडी अखिल भारतीय टेनिस संघटनेची आहे. ही संघटना १९२० साली स्थापन झाली. तिच्या सामन्यांत १२, १४, १६ व १८ वर्षांखालील असे गट असून, नाव नोंदविलेल्या खेळाडूस प्रत्येक स्पर्धेतील यशाप्रमाणे गुण मिळतात व त्या गुणांवरून देशात त्याचा क्रम लागतो. त्याही पलीकडे आंतरराष्ट्रीय संघाची कुमार स्पर्धामाला आहे. तीत वयाची १३ वर्षे पुरी झालेल्या मुलामुलींस १८ व्या वर्षापर्यंत भाग घेता येतो. या स्पर्धांना जे ३०, जे ६०, जे १००, जे २००, जे ३०० व जे ५०० अशी नावे २०२३ सालापासून मिळाली. एकेरी जिंकणाऱ्यास जितके गुण, तितकाच आकडा स्पर्धेच्या नावात असतो. म्हणून ही पद्धत समजावयास सोपी आहे. सर्वांच्या शिखरावर विंबल्डन इत्यादी चार महास्पर्धांचे कुमार सामने असून तेथील विजेत्यास १००० गुण मिळतात.

येथे पालकांनी एक गोष्ट विसरू नये. आंतरराष्ट्रीय कुमार क्रमवारीत वर्षभरातील सर्व सामने मोजीत नाहीत. एकेरीतील सर्वोत्तम सहा निकाल आणि दुहेरीतील सर्वोत्तम सहा निकालांच्या गुणांचा चौथा हिस्सा, इतकेच धरतात. सबब दर आठवड्यास मुलाला घेऊन गावोगाव धावण्याने क्रम वाढतोच असे नाही. निवडक स्पर्धा, आणि त्यांच्या मधल्या काळात कसून सराव, हाच मार्ग शहाणपणाचा व स्वस्ताचाही होय.

आता खर्च इतका का येतो ते पाहू. समजा, एका स्पर्धेत ३२ खेळाडू आहेत. पहिल्याच फेरीत त्यांपैकी १६ हरतात. विजेत्यास पाच सामने जिंकावे लागतात, आणि शेवटी ३१ जण हरून घरी परततात. वसमतेची एखादी मुलगी वडिलांसह रात्रीच्या गाडीने पुण्यास गेली आणि पहिल्याच सकाळी हरली, तरी प्रवेशशुल्क, दोघांचे भाडे, मुक्काम व जेवण यांचा खर्च झालाच. जिंकत गेली तर मुक्काम वाढतो, म्हणून खर्चही वाढतो! शिवाय रॅकेटच्या तारा तुटतात, बूट झिजतात, चेंडू मऊ पडतात, आणि शिक्षकाचे वेतन महिन्याच्या महिन्यास द्यावे लागते. आपल्याकडे हळदीचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात; टेनिसचा खर्च मात्र दर पंधरवड्यास दाराशी उभा असतो. त्यातून आंतरराष्ट्रीय कुमार सामन्यांत रोख बक्षीस मुळीच नसते. म्हणजे ज्या वयात खेळाडू घडतो, त्या वयात तो एक पैसाही मिळवीत नाही. या एका गोष्टीत सर्व प्रश्नाचे मर्म आहे. साहाय्य करावयाचे तर ते विजयाच्या आधी केले पाहिजे. विजयानंतर हार घालणारे पुष्कळ भेटतात.

याचे ठळक उदाहरण टेनिसचे नव्हे, कुस्तीचे आहे, आणि ते आपल्याच महाराष्ट्रातील आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांस १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांस जावयाचे होते, परंतु जवळ पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. प्राचार्यांनी घर गहाण ठेवले तेव्हा पदक कोणाच्याही हाती नव्हते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळावयास ४४ वर्षे लागली, आणि योगायोग असा की ते टेनिसमध्ये मिळाले. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस यांनी कांस्यपदक जिंकले. पण त्यांचीही गोष्ट १९९६ साली सुरू झालेली नाही. १९८५ साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, ते मद्रास येथील ब्रिटानिया अमृतराज टेनिस योजनेत दाखल झाले. अमृतराज बंधूंचे कुटुंब व एक बिस्किटांची कंपनी यांनी मिळून चालविलेल्या त्या योजनेत निवडक मुलांच्या शिक्षणाची सोय होती. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, पेस विंबल्डनचे कुमार विजेते झाले. आणि आणखी सहा वर्षांनी पदक आले. बी पेरल्यापासून फळ हाती येईपर्यंत ११ वर्षे गेली. साहाय्य देणाऱ्यास इतका धीर हवा.

पेसांपूर्वी रामनाथन कृष्णन यांनी १९५४ साली व त्यांचे चिरंजीव रमेश यांनी १९७९ साली विंबल्डनचे कुमार विजेतेपद मिळविले होते. १९९२ साली पुण्याचे नितीन कीर्तने व महेश भूपती ही जोडी तेथील कुमारांच्या दुहेरीत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. तेव्हा आपल्याकडे गुणांची वाण आहे असे म्हणता येत नाही. वाण आहे ती कुमारवय आणि कमाईचे वय यांमधील दरी ओलांडून नेणाऱ्या पुलाची.

ही दरी किती खोल असते, हे सुमित नागल यांच्या चरित्रावरून दिसते. हरियाणातील झज्जर जिल्ह्यातील एका शिक्षकाचा हा मुलगा. दहाव्या वर्षाच्या सुमारास महेश भूपती यांच्या योजनेत त्याची निवड झाली, आणि २०१५ साली तो विंबल्डनमध्ये कुमारांच्या दुहेरीचा विजेता झाला. इतके झाल्यावर पैशाची चिंता सरली असेल असे कोणासही वाटेल. परंतु २०२३ च्या सप्टेंबरात, एकेरीत भारतात पहिल्या क्रमांकावर असताना, आपल्या बँकेतील खात्यात अवघे ९०० यूरो, म्हणजे सुमारे ८० हजार रुपये, उरले असल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. केवळ एक प्रशिक्षक बरोबर घेऊन जगभर खेळावयाचे तर वर्षास ८० लाख ते १ कोटी रुपये लागतात, असा त्यांचा हिशेब होता. त्या अडचणीच्या काळात त्यांस दोन आधार होते: इंडियन ऑइल कंपनीतील नोकरीचे मासिक वेतन, आणि आपल्या महाराष्ट्रातील महा टेनिस फाउंडेशन या संस्थेचे साहाय्य. चारच महिन्यांनी, २०२४ च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियन स्पर्धेत पात्रता फेरीतून वर येऊन त्यांनी ३१ वे मानांकन असलेल्या बुब्लिक यांस हरविले. महास्पर्धेच्या एकेरीत मानांकित खेळाडूस हरविणारा भारतीय पुरुष १९८९ नंतर झाला नव्हता. त्याच वर्षीच्या जुलैत ते जगात ६८ व्या क्रमांकावर पोहोचले. हा पैसा सप्टेंबरात नसता, तर जानेवारीतील विजय दिसला असता काय?

साहाय्य कोठकोठून मिळू शकते, हे आता थोडक्यात सांगतो. पहिले सरकारी. २०१८ साली सुरू झालेल्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूवर वर्षास ५ लाख रुपये याप्रमाणे ८ वर्षे खर्च करण्याचे सरकारने जाहीर केले. २०१९ चे खेलो इंडिया युवा सामने पुण्यासच बालेवाडी येथे झाले. शासनाच्या योजनांची चौकशी करावयाची ती जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत करावी; ऐकीव माहितीवर विसंबू नये. दुसरे साहाय्य टेनिस संघटनांचे. तिसरे विश्वस्त संस्था व कंपन्या यांचे. चौथे खेळाडूंस नोकरी देणाऱ्या सरकारी कंपन्या, रेल्वे वगैरे खात्यांचे. मात्र ते वयात आल्यावरच मिळते.

पाचवा मार्ग विद्येचा आहे, आणि त्याची माहिती आपल्याकडे फार थोड्यांस असते. अमेरिकेतील विद्यापीठे चांगल्या टेनिसपटूंस शिष्यवृत्त्या देतात. खेळाडू तेथे पदवीचा अभ्यास करतो व विद्यापीठाच्या संघातून खेळतो. मूळ अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले यांनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिक्षण घेतले व त्याच्या संघातून त्या खेळल्या. पुढे २०२३ साली हांगझौ येथील आशियाई सामन्यांत रोहन बोपण्णा यांच्या जोडीने त्यांनी मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. ज्या मुलाने टेनिसपायी सातवीतच शाळा सोडली, त्यास हा दरवाजा कायमचा बंद होतो. एवढ्याकरिता तरी अभ्यास सोडू नये.

साहाय्य मागण्याचीही एक रीत आहे. अर्ज एका पानाचा असावा. त्यात वय, इयत्ता, गेल्या वर्षीच्या स्पर्धांचे निकाल, जिंकलेले तसेच हरलेलेही, पुढील वर्षाच्या निवडक स्पर्धांची यादी, प्रत्येकीचा अंदाजे खर्च, त्यांपैकी घरून किती होईल आणि किती कमी पडते, हे स्वच्छ लिहावे. मुलाची वाजवीहून अधिक स्तुती करू नये. जाणत्या माणसास निकाल वाचता येतात. पैसे मिळाल्यावर वर्षाअखेर पावत्यांसह हिशेब पाठवावा व दोन ओळी आभाराच्या लिहाव्यात. दिलेल्या पैशाचा हिशेब ज्यास मिळतो, तो पुढच्या वर्षीही देतो. मात्र एखादी व्यक्ती पुढील कमाईत वाटा मागत असेल, तर करारनामा जाणत्या वकिलास दाखविल्यावाचून सही करू नये. आणि शेतजमीन विकून किंवा सावकाराचे कर्ज काढून हा खर्च करू नये. खर्डेकरांनी आपले स्वतःचे घर गहाण ठेवले होते, आणि तेही एका सिद्ध मल्लाकरिता. बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर घरादाराचे ओझे ठेवणे हा त्याच्यावर अन्याय होय.

शेवटी आपण येथे काय करू शकतो? पुष्कळ करू शकतो. दहा वर्षांखालील मुलांस मोठे कोर्ट लागतच नाही. त्यांच्याकरिता लाल, नारिंगी व हिरवे असे मंद उसळीचे चेंडू असतात, आणि लाल चेंडूचे अंगण अवघे ११ मीटर लांब पुरते, तर मोठ्यांचे २३.७७ मीटर असते. आंतरराष्ट्रीय संघाने २०१२ पासून या वयाच्या स्पर्धांत असेच चेंडू वापरण्याचा नियम केला आहे. शाळेच्या एका भिंतीस गिलावा करून जमिनीपासून तीन फुटांवर चुन्याची रेघ ओढली, म्हणजे जाळ्याच्या मध्याची उंची झाली. तेथे एकटा मुलगाही तासभर सराव करू शकतो. पाचही तालुक्यांतील शाळांनी मिळून वर्षातून एक स्पर्धा भरविली, तर मुलांस पहिला पराभव घराजवळच व फुकट अनुभवता येईल. मग ज्यांच्यात गुण दिसेल, अशा एकदोघांकरिता माजी विद्यार्थ्यांनी प्रवासनिधी जमवावा. रक्कम मोठी नसली तरी चालेल; ती नियमाने व वेळेवर मिळाली पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांस विंबल्डन पाहावयास मिळणार नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. परंतु तुमच्या वर्गात एखादी मुलगी सकाळी साडेपाच वाजता भिंतीशी चेंडू मारीत असेल, तर तिला हसू नका. तिचे चेंडू वेचून द्या, आणि स्पर्धेस गेल्यामुळे तिचे जे पाठ बुडतील त्यांच्या वह्या तिला उतरवून द्या. तेही साहाय्यच आहे, आणि ते करावयास पैसा लागत नाही.