संगणकावरील ध्वनियंत्राची निवड

बॅरी व्हर्को यांनी अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९८६ मध्ये सिद्ध केलेल्या ‘सीसाउंड’ या संगीत-आज्ञावलीत, ध्वनी कोणत्या यंत्रातून उमटावा हे आज्ञेच्या ओळीतच सांगता येते. ‘डॅक’ हा संकेत ध्वनी बाहेर टाकणाऱ्या यंत्राचा. त्यास जोडलेला आकडा हा त्याचा क्रमांक. गणना शून्यापासून होते, म्हणून ‘डॅक१’ हे दुसरे यंत्र होय. नवशिके येथेच चुकतात. शिवाय ध्वनिवर्धक काढून पुन्हा जोडला असता क्रमांक बदलू शकतो. मग काल वाजलेला पाठ आज वर्गासमोर मुका राहतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या रचनेला! यास्तव शिक्षकांनी मुले येण्यापूर्वी ‘डिव्हायसेस’ हा पर्याय देऊन यंत्रांची यादी पाहावी व मगच क्रमांक लिहावा. ध्वनिग्रहणाच्या ‘एडीसी’ यंत्रांचे क्रमांक निराळे असतात, हेही ध्यानी असावे.