रॉकेल, चाळणी आणि आठ दात

डायनोसॉर म्हटलं की गर्दी जमते. मला कुतूहल होतं ते त्यांच्याच काळात वावरणाऱ्या लहानग्या सस्तन प्राण्यांचं. 2007 साली नाव मिळालेला 'भारतथेरियम' त्यातलाच, गोंडवानाथेरियन गटातला. हा गटच पुढे समूळ नाहीसा झाला. तेलंगणातलं नसकल, मध्य प्रदेशातलं किसलपुरी आणि बेळगाव जिल्ह्यातलं गोकाक, या तिन्हीकडचे मिळून त्याचे दात आठ. एक पटाशीचा, बाकी दाढा.

असे दात शोधतात कसे, ते बघायला एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात गेले. जिन्यातच रॉकेलचा भपकारा आला. लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याचा गाळ वाळवून रॉकेलमध्ये भिजवतात, मग पाण्यात टाकतात. ढेकळं विरघळली की चाळायचं आणि पुन्हा वाळवायचं.

कस लागतो तो पुढे. प्रयोगशाळेतले मामा चिमूटभर वाळू बशीत पसरतात, मायक्रोस्कोपला डोळे लावतात आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण बाजूला सारतात. माशाचा खवला, गोगलगाईच्या शंखाची कपची. मला नुसती वाळू दिसत होती.

"चमक बघा, मॅडम. वाळू काचेसारखी चमकते, दात तेल लावल्यासारखा."

"सापडला कधी?"

"मगरीचे, माशांचे पुष्कळ. आपल्यावाल्याचा नाही. त्याचे आठच!"

हे 'आठच' ते दिवसभर म्हणत होते, तेही जरा अभिमानानेच. मामा हुद्द्याने परिचर. शोधनिबंधांवर परिचरांची नावं येत नाहीत, हे मला खटकलं, त्यांना नाही.

या दाढा 6 ते 8.5 मिलिमीटर उंच. दाढ उंच असते ती दात झिजवणारं चरबट खाणाऱ्याची. मग हा खात काय होता? धागा मिळतो आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सिलिकाकण सापडले. 2005 मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते 'सायन्स'मध्ये मांडलं. गोंडवानाथेरियनांच्या उंच दाढा गवतासाठीच असाव्यात, हा तर्कही त्यांचाच. मला तो पटतो, पण आठ दातांवर किती भार टाकायचा?

तेव्हा विहीर खणताना किंवा खाणीत काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये मऊ, शिंपल्यांचा पट्टा लागला, तर तो भरावात घालू नका. जवळच्या भूशास्त्र विभागाला कळवा. एक गोणी गाळ पुरतो.