कमी खर्चात पाणवनस्पतींची टाकी: आधी झाडं, मग मासे

आता कुंभार पिंपळगावात पहिली टाकी लावायची, तर पैशापेक्षा धीर जास्त लागतो. तळाला आपण बिनखताची माती घालू, वर धुतलेली वाळू, त्यात हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया. साधा एलईडी दिवा रोज 6-7 तास पुरे. मासे मात्र लगेच नकोत. का? माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग होतं नायट्रेट, ते झाडं शोषतात. हे जिवाणू वाढायला 4-6 आठवडे जातात. तोवर रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. नंतर 4-5 गप्पी सोडू. बोअरचं जड पाणी त्यांना मानवतं. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं हौदात सोडतं, तेच हे मासे.