काळी, पांढरी आणि भूमिगत नाणी

लातूर-उदगीरकडील एखाद्या जुन्या गावी, वळवाच्या सरी पडून गेल्यावर, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेच्या, उतारावरून सावकाश चालत जाणाऱ्यास खापरे आणि काचेच्या बांगड्यांचे तुकडे दिसतात, आणि क्वचित एखादे हिरवट पडलेले ताम्रनाणेही हाती येते. पाऊस आणि नांगर यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले हे वस्तू वर आणण्याचे काम आता धातुशोधक यंत्राने आरंभिले आहे. यंत्राच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाह भूमीत बदलते चुंबकीय क्षेत्र उत्पन्न करतो, त्या क्षेत्राने धातूत प्रवाह जागृत होतात, आणि त्यांची चाहूल लागताच यंत्र स्वर देते. आमची काळी, म्हणजे शेतातील काळी माती, मात्र त्याला सहज वश होत नाही, कारण बसाल्टापासून झालेल्या मातीतील लोहयुक्त खनिजेही त्या स्वरात आपला स्वर मिसळतात.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती या मातीची दुसरी प्रकृती. वैशाखात काळीला खोल भेगा पडतात, वरची वस्तू त्यांतून खाली उतरते, आणि पावसाळ्यात माती फुगून भेग मिटली की त्या भेगेचा मागमूस उरत नाही. म्हणून काळीतील नाण्याचे वय त्याच्या खोलीवरून ठरविणे धोक्याचे. पांढरीची गोष्ट वेगळी. तेथे राख, चूल आणि फरसबंदी यांचे थर एकावर एक बसलेले असतात, आणि ज्या थरात नाणे पडले तो थरच त्याची साक्ष देतो. ते उपटून खिशात टाकणाऱ्याच्या हाती धातू येतो, साक्ष मात्र कायमची नष्ट होते.

हैदराबादचे निजाम उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीतील रुपयाचेच पाहा. त्यावर चारमिनार, त्याच्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर, आणि टांकसाळीचे नाव फर्खुंदा बुनियाद हैदराबाद. असा रुपया पाहिला की लातूरच्या आडतीत मालाची पट्टी घेऊन बसलेला कुणबी, शंभर कळदारांस (इंग्रजी रुपयांस) सुमारे एकशे सोळा हाली (निजामी रुपये) या हिशेबाने बट्टा कापणारा सराफ, आणि सारावसुलीसाठी चावडीवर दफ्तर उघडून बसलेला पटवारी डोळ्यांपुढे उभे राहतात. कल्पनेला एवढी मोकळीक असावी. परंतु तो रुपया घराच्या कोनाड्याखाली पुरलेला होता की बाजाराच्या वाटेवर सांडलेला, हे केवळ जागाच सांगू शकते.

नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक रौप्यमुद्रा एकत्र सापडल्या, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक मुद्रांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटविलेला आढळला. पराभूत राजाचे चलन विजेत्याने आपलेसे करून घेतल्याचा एवढा विपुल पुरावा आपल्या हाती लागला, तो निधीचा एवढा मोठा भाग एकत्र तपासता आला म्हणूनच; तीच नाणी मूठमूठ करून विकली गेली असती तर हे प्रमाण कोणास कळले असते? इंग्लंडात हॉक्सन येथे १९९२ साली मित्राचा हरवलेला हातोडा शोधणाऱ्या गृहस्थास रोमन निधी लागला. त्याने खोदकाम थांबवून वर्दी दिल्यामुळे पुरातत्त्वज्ञांना मूळची मांडणी अभ्यासता आली.

आपल्याकडील १८७८ चा निखात निधीचा कायदाही हेच मागतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास त्याची वर्दी कलेक्टरकडे देणे शोधणाऱ्यावर बंधनकारक आहे. चौकशीअंती तो बेवारस ठरला आणि शोधणारा व जागेचा मालक यांच्यात अन्य करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याकडे व एक चतुर्थांश जागेच्या मालकाकडे जातो, आणि सरकारने तो स्वतः घ्यावयाचे ठरविल्यास धातूच्या किमतीवर तिचा पाचवा हिस्सा अधिक द्यावा लागतो. लपविणाऱ्यास मात्र आपल्या वाट्यास मुकावे लागते, आणि वर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे.