नातवंडं आजीवर, आजी कुणावर?

मिरकरवाड्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी बोलणार आहोत. विषय आपल्या शेजारच्या घरातलाच आहे. ज्या घरात आईवडील नाहीत, किंवा असून जवळ नाहीत, आणि मुलं आजी-आजोबांकडे वाढताहेत, त्या घरांना कुठली मदत मिळू शकते आणि ती त्यांच्यापर्यंत आपण कशी पोहोचवायची, ते पाहू.

सुट्टीत आजोळी आलेल्या नातवंडांची ही गोष्ट नाही. ही मुलं कायमची आलेली असतात. कुणाचा बाप बोटीवर गेला तो परतला नाही. कुणाची आई करोनात गेली. कुठे नवराबायको वेगळे झाले आणि दोघांनीही दुसरा संसार मांडला. कुणाचे आईवडील कामाला मुंबईला नाहीतर आखातात. कारण काहीही असो, मुलाचं बोट शेवटी आजीच्या, दादीच्या, नानीच्या हातात येतं. ती ते सोडत नाही. 'माझंच आहे, मी नाही बघणार तर कोण बघणार?' असं म्हणते आणि कामाला लागते.

आपल्या वाड्यात हे काम सोपं नाही. पहाटे बोटी धक्क्याला लागतात, तेव्हा मासळी निवडायला, पाटी उचलायला जावं लागतं. त्याच वेळी घरात मुलाला उठवायचं, डबा करायचा, शाळेत धाडायचं. दुपारी कोळंबी सोलायची, सुकट उलटवायची. साठीपासष्टीच्या गुडघ्यांनी हे सगळं करायचं. त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. धक्क्यावर काम नाही, हातात पैसा नाही, आणि नेमकी जूनच्या मध्यात शाळा उघडते. वह्या, दप्तर, गणवेश, छत्री हे सगळं एकदमच येतं.

एक घर, दोन खाती

सरकारी मदत अजिबात नाही असं नाही. आहे, पण ती दोन ठिकाणी विभागलेली आहे. मुलासाठीची मदत महिला व बालविकास खात्याकडे, म्हातारपणाची मदत तहसील कार्यालयात. एका खिडकीवर मुलाचे कागद बघतात, दुसरीवर आजीचं वय. या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच चुलीवर आहेत हे तिथे कुणी विचारत नाही. आजीला मुलाची योजना ठाऊक असते तर स्वतःची नसते, किंवा उलट. म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे की ही दोन टोकं बांधायचं काम गटाने करायचं. त्यासाठी आधी दोन्ही टोकं नीट समजून घेऊ.

मुलाच्या नावची मदत

पहिली आणि मोठी योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. मुलाला बालगृहात न ठेवता घरातच, कुटुंबात वाढवता यावं म्हणून ती आहे. यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ही रक्कम १,१०० रुपये होती.

इथे बऱ्याच आज्यांचा गैरसमज असतो. त्या म्हणतात, 'बाप जिवंत आहे ना, मग आम्हाला कोण देणार?' तसं नाही. दोन्ही पालक गेलेल्या मुलांना ही योजना आहेच. पण एकच पालक असलेली मुलं, आईवडील विभक्त झालेली मुलं, पालक तुरुंगात असलेली किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली मुलं, आणि ज्यांच्या पालकांचा ठावठिकाणाच लागत नाही अशी मुलंही यात बसू शकतात. तेव्हा आपणच आपल्याला नकार देऊ नका, अर्ज करा.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी यांच्या कार्यालयात, तिथल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. सोबत मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, पालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक आणि फोटो लागतात. त्यानंतर घरी येऊन चौकशी होते. मग प्रकरण बालकल्याण समितीपुढे जातं आणि समिती आदेश देते. या चौकशीला घाबरू नका. घर मोठं आहे की लहान, हे बघायला कुणी येत नाही. मूल नीट आहे का, शाळेत जातं का, ते बघायला येतात. आणि लक्षात ठेवा, या अर्जाला पैसे पडत नाहीत. 'करून देतो, इतके द्या' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही प्रायोजकत्वाची मदत आहे, दरमहा ४,००० रुपयांची. तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे. आपल्या मुलाला दोन्हींपैकी कोणती लागू होते, ते त्याच कक्षात विचारा.

करोनात दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने ५ लाख रुपयांची मुदत ठेव आणि केंद्राने वयाच्या २३ व्या वर्षी मिळणारे १० लाख रुपये जाहीर केले. अशा मुलाची नोंद तेव्हा झाली असेल तर त्याचे कागद जिवापाड जपा. मूल १८ चं होईल तेव्हा तेच उपयोगी पडतील. अनाथ मुलांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षणही आहे. नातेवाइकांकडे वाढलेल्या अनाथ मुलांनाही ते मिळू शकतं, पण त्यासाठी महिला व बालविकास खात्याचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते बारावीच्या निकालानंतर धावपळीत काढण्यापेक्षा आधीच काढून ठेवा.

आता आपल्या वाड्यातली खास गोष्ट. बाप समुद्रावर अपघातात गेला असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात आणि त्याच्या मच्छीमार सोसायटीत आधी चौकशी करा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात नाव असेल तर मृत्यूसाठी ५ लाख रुपयांचं संरक्षण आहे. आणि माणूस सापडलाच नसेल तर? मन तयार होत नाही, हे आम्हालाही कळतं. तरी पोलिसात बेपत्ता झाल्याची नोंद करा. सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही तो वारला असं कायदा मानू शकतो, पण त्यासाठी पहिल्या दिवसाची नोंद हातात हवी. तोपर्यंत मुलाचं अडू नये म्हणून बाल संरक्षण कक्षात 'पालकाचा ठावठिकाणा नाही' हे सांगा.

शाळेचंही ऐका. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, म्हणून पहिली ते आठवीच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट लिहिलं आहे. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर अंगणवाडीत नाव घाला. तिथला आहार त्याचा हक्काचा आहे.

आजीच्या नावची मदत

मुलाचं करता करता आजी स्वतःचं विसरते. म्हणून हे तिच्या शेजारणीने ऐकावं.

वय ६५ च्या पुढे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आणि महाराष्ट्रात १५ वर्षं वास्तव्य असेल तर श्रावणबाळ योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. ६५ च्या आतल्या निराधार विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून तेवढेच. दोन्हींचा अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत. लाडकी बहीण योजनेचे पैसे ६५ नंतर मिळत नाहीत. तेव्हा ज्या आजीला ते मिळतात तिने ६५ पूर्ण होताच श्रावणबाळची चौकशी करावी, नाहीतर मध्येच हात रिकामा राहतो.

सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचं वय वंदना कार्ड मिळतं. वय आधारवरून धरतात, म्हणून आधारवरची जन्मतारीख आधी तपासा. रक्तदाब आणि साखर नियमित तपासून घ्या. आजी पडली तर एक माणूस आजारी पडत नाही, मुलाचं अख्खं घर आडवं होतं.

दोन फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. मुलांसाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७.

सांभाळते ती, सही कुणाची?

आजी मुलाला न्हाऊ-जेवू घालते, रात्र रात्र जागते, पण कायद्याने ती आपोआप पालक होत नाही. हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि आई. मुस्लीम कायद्यात आईनंतर मूल सांभाळायचा हक्क ठराविक वयापर्यंत आईच्या आईकडे येतो, पण मालमत्तेचं पालकत्व वेगळं धरतात. म्हणून बँकेत, पोस्टात अडतं. सुकन्या समृद्धी खातं आजी-आजोबांनी उघडलं असेल, तर पालक म्हणून नाव आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचंच लावावं लागतं, असा नियम २०२४ मध्ये लागू झाला.

यावर उपाय आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा सगळ्या धर्मांच्या माणसांना लागू आहे. त्याखाली जिल्हा न्यायालय आजीला पालक नेमू शकतं. वकिलाचा खर्च कुठून आणायचा, ही काळजी नको. स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचा हेल्पलाइन नंबर १५१००. मुलाच्या नावावर विम्याचे पैसे, घर किंवा बोटीतला वाटा असेल, तर हे काम टाळू नका. आणि मूल दहा वर्षांचं झालं की बँकेच्या नियमांप्रमाणे ते स्वतःच्या नावाने बचत खातं उघडू शकतं, तेही विचारून घ्या.

गटाने काय करायचं?

दक्षिण आफ्रिकेत एड्सने तरुण आईबाप गेले, तेव्हा मुलं आज्यांच्याच पदरात आली. तिथे आजीला 'गोगो' म्हणतात. आफ्रिकेत अशा आज्यांनी जागोजागी आपले गट केले आणि एकमेकींच्या आधाराने मुलं वाढवली. आपल्याकडे तर गट आधीच आहेत. तर ही पाच कामं ठरवू.

एक. प्रत्येक वस्तीत अशी घरं कोणती, त्याची यादी करायची. दया दाखवायला नाही, कागद पूर्ण करायला.

दोन. प्रत्येक घरासाठी एक प्लॅस्टिकची फाईल. एका कप्प्यात मुलाचे कागद, दुसऱ्यात आजीचे. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स.

तीन. जोडी लावायची. एक बाई आजीसोबत तहसीलला किंवा बाल संरक्षण कक्षात जाईल, दुसरी तेवढा वेळ मुलाला आणि घराला बघेल. एका दिवसाची रोजी बुडते म्हणूनच आजी कार्यालयात जात नाही. दोन्ही कामं एकाच फेरीत उरकली तर ती जाते.

चार. जूनमध्ये शाळेसाठी गटातून छोटं कर्ज द्यायचं आणि हप्ता ऑगस्टमध्ये नाही, सप्टेंबरपासून सुरू करायचा. नारळी पौर्णिमेनंतर धंदा रुळावर येतो, तेव्हा हप्ताही जमतो. आणि वय झालं म्हणून कुठल्याही बाईला गटातून बाजूला करू नका. तिला गटाची गरज आत्ताच जास्त आहे.

पाच. शाळेचे निरोप आता मोबाईलवर येतात. वाचता न येणाऱ्या आजीला ते रोज वाचून दाखवायला गल्लीतली एक कॉलेजची मुलगी नेमा. पालकसभेला आजीसोबत गटातली कुणीतरी जावं, म्हणजे ती मागच्या बाकावर गप्प बसणार नाही.

एक प्रश्न, जो कुणी विचारत नाही

शेवटी एक अवघड गोष्ट. आजी सत्तरची आणि नात आठची. नात अठराची होईल तेव्हा आजी असेल का? हा प्रश्न आजीच्या मनात रोज रात्री येतो, पण ती बोलत नाही आणि आपण अपशकुन म्हणून विचारत नाही. विचारायला हवं. 'तुझ्यानंतर हिला कुणाकडे द्यायचं तुझ्या मनात आहे?' मावशी, काका, आत्या, जी कुणी असेल तिच्याशी आजीच्या हयातीतच बोलणं व्हावं. बालकल्याण समितीपुढे जाल तेव्हा ते नाव सांगा. मूल थोडं मोठं असेल तर त्याचंही मत घ्या. आजी दवाखान्यात असेल त्या रात्री मूल कुणाकडे झोपणार, हेही आजच ठरवा आणि ते मुलालाही सांगा. ज्याचं एक छप्पर उडालेलं आहे, त्याला दुसरं कुठे आहे हे माहीत असलं की ते शांत झोपतं.

आणि मूल 'आई कधी येणार?' विचारतं तेव्हा 'येईल उद्या' म्हणू नका. त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत खरं सांगा आणि जवळ घ्या.

मैत्रिणींनो, या आज्यांनी कुणाकडे काही मागितलेलं नाही. सरकारला जे मूल बालगृहात ठेवावं लागलं असतं, ते त्यांनी आपल्या घासातला घास देऊन वाढवलं आहे. त्यांना मिळतं ते उपकार म्हणून नाही, हक्काचं आहे. या महिन्याच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की वही मिटण्याआधी एक प्रश्न विचारा, 'आपल्या गल्लीत असं घर कोणतं?' नाव निघालं की दुसऱ्या दिवशी दोघी जणी त्या घरी जा. सोबत एक रिकामी फाईल न्या.